पी-मूल्याचा नेमका अर्थ काय?

प्रश्न: पी-मूल्य ०.०१४ आले, तर शून्य परिकल्पना (‘काही फरक वा परिणाम नाही’ हे गृहीतक) खरी असण्याची शक्यता १.४ टक्के आहे, असे म्हणावे का?

उत्तर १: नाही. शून्य परिकल्पना खरी मानली, तर मिळालेला किंवा त्याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता म्हणजे पी-मूल्य. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांचा चहाचा प्रयोग पाहावा. कपात आधी दूध ओतले की चहा, हे चवीवरून ओळखता येते, असा म्युरिएल ब्रिस्टल यांचा दावा होता. फिशर यांच्या मांडणीत आठपैकी चार कपांत दूध आधी असते आणि चार कप निवडण्याचे ७० मार्ग असतात. त्यामुळे निव्वळ अंदाजाने चारही अचूक निवडले जाण्याची शक्यता १/७०, म्हणजे सुमारे ०.०१४ भरते. हा आकडा ‘चव कळत नाही’ हे गृहीत धरूनच काढलेला असल्याने ते गृहीतक खरे असण्याची शक्यता त्यातून निघत नाही.

प्रश्नकर्ता: आणि निवडलेल्या चारांतला एक चुकला तर?

उत्तर २: किमान तीन बरोबर येण्याचे मार्ग १६ अधिक १, म्हणून पी-मूल्य १७/७०, सुमारे ०.२४. एवढ्यावर शून्य परिकल्पना नाकारता येत नाही, पण ती सिद्ध झाली असेही नव्हे; आठच कपांकडून बारीक फरक पकडण्याची अपेक्षा जरा जास्तच आहे.

उत्तर ३: पी-मूल्य जिच्या खाली आले की शून्य परिकल्पना नाकारतात, ती ०.०५ ही मर्यादा केवळ रूढ संकेत आहे. मात्र जी ठरवायची ती कप मांडण्यापूर्वी ठरवावी.