‘गव्हर्नन्स’ला हर्णैत कळेल असा शब्द कोणता?

मंडळी, एका मानपत्रासाठी शब्द हवे आहेत.

ज्यांच्या हाताखाली मी पीएच.डी. केली ते सर यंदा निवृत्त झाले. अकाउंटिंग, फायनान्स आणि कॉर्पोरेट गव्हर्नन्स या विषयांत त्यांची उभी हयात गेली. विद्यापीठातला सत्कार इंग्रजीत पार पडला. आता गावचा सत्कार आहे, दापोली तालुक्यात हर्णैच्या जवळ, देवळाच्या सभामंडपात. सरांचे वडील तांडेल होते, म्हणजे बोट समुद्रात नेणारे प्रमुख खलाशी. आई आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्या पहिल्या रांगेत बसणार आहेत. परिचय मी लिहायचा आहे.

पहिला मसुदा असा झाला: ‘निगमित सुशासन, उपार्जन-व्यवस्थापन व लेखापरीक्षणाची गुणवत्ता या क्षेत्रांत मौलिक योगदान.’ मोठ्याने वाचून पाहिला आणि फाडला. यातला एकही शब्द चुकीचा नाही, पण ज्या बाईने मासळी विकून मुलाला शिकवलं तिला आपला मुलगा काय करत होता हे त्यातून कळणार नाही.

आधी ‘सुशासन’. हा शब्द मला मुळातच पटत नाही. यातला ‘सु’ आधीच निकाल देऊन बसतो. सरांनी तपासलं ते हेच की कुठल्या कंपनीत गव्हर्नन्स चांगला आहे आणि कुठल्या कंपनीत वाईट. ‘दुबळं सुशासन’ हे कसं म्हणायचं? शिवाय शासन म्हटलं की आपल्याला तहसील कचेरी आठवते. ‘निगमित’ तर मराठीत कुणाच्या तोंडी नाही.

इंग्रजी शब्दाचं मूळ मात्र आपल्या किनाऱ्याच्या फार जवळचं आहे. ग्रीकमधून लॅटिनमध्ये आलेल्या त्या धातूचा अर्थ जहाज हाकणं, सुकाणू धरणं. १९९२ साली इंग्लंडमध्ये एड्रियन कॅडबरी यांच्या समितीने व्याख्या केली तीही तशीच: कंपन्या ज्या व्यवस्थेने चालवल्या जातात आणि ताब्यात ठेवल्या जातात ती. म्हणजे सुकाणू आलंच. पण ‘कंपनी-सुकाणू’ कानाला बरं वाटत नाही. काय करावं?

डोंबिवलीहून, मूळ गुहागर

ताई, मी सनदी लेखापाल आहे. ‘कंपनी कारभार’ म्हणा. कारभार चांगला असतो, वाईट असतो, ढिसाळ असतो, चोख असतो. सगळी विशेषणं त्याला लागतात. देवस्थानचा कारभार, पतपेढीचा कारभार, घरचा कारभार हे आजींना नवं नाही.

‘लेखापरीक्षण’ हा कायद्यातला शब्द आहे, तो राहू दे, पण गावात ‘हिशेब तपासणी’ पुरे.

मालवणहून

कारभार ठीक आहे, पण तो कोण करतो एवढंच त्यात येतं. कोणाच्या वतीने करतो ते येत नाही. आमच्याकडे रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, हा प्रश्न पडत नसे. जाळं सगळ्यांचं, ओढणारेही तेच, मासळीचा वाटो तिथेच वाळूवर पडायचा. ज्याची होडी आणि जो समुद्रात जातो ते वेगळे झाले की मग ‘हिशोब देवक व्हयो’, हिशेब द्यायलाच हवा. तुमच्या सरांचा विषय तिथून सुरू होतो असं मला वाटतं.

माझं उत्तर

मालवणच्या दादांनी नेमकं बोट ठेवलं. सर पहिल्या तासाला हेच सांगायचे. बोटीचा मालक, म्हणजे नाखवा, किनाऱ्यावर; बोट तांडेलाच्या हाती. किती मासळी मिळाली, किती डिझेल जळलं, बर्फ किती लागला, वाटेत काही विकली का, हे सगळं तांडेल सांगेल ते. खर्च वजा जाता उरलं त्यात कोणाचा किती वाटा हे आधी ठरवावं लागतं, कारण तो वाटा कसा ठरला यावर तांडेल कसा वागेल ते अवलंबून असतं. १९७६ साली जेन्सन आणि मेकलिंग या अर्थतज्ज्ञांनी भागधारक आणि व्यवस्थापक यांच्याबद्दल जो प्रसिद्ध निबंध लिहिला त्याचा गाभा हाच. आम्ही तो ‘अभिकर्ता सिद्धान्त’ म्हणून पाठ केला होता. सरांनी तो वडिलांच्या बोटीवरून शिकवला.

(नाखवा हा शब्द फारसी ‘नाखुदा’वरून आला, म्हणजे नावेचा धनी. सुकाणू अरबी ‘सुक्कान’वरून. परके मानून हे शब्द बाजूला ठेवायचे म्हटले तर कोकणातलं अर्धं बंदर मुकं होईल.)

आता दुसरा शब्द, जो मला सगळ्यांत जड जातोय: ‘अर्निंग्ज मॅनेजमेंट’. कायद्याच्या चौकटीत राहून, किंवा थोडी बाहेर जाऊन, कंपनी नफा हवा तसा दाखवते. येणं लागलेलं पण हातात न आलेलं उत्पन्न आज धरायचं की पुढच्या वर्षी, घसारा, म्हणजे यंत्रांची झीज, किती काढायचा, बुडीत येण्यांसाठी किती बाजूला ठेवायचं, यात मोकळीक असते. ‘नफा-व्यवस्थापन’ म्हटलं तर नफा वाढवण्याची कला वाटते. ‘अफरातफर’ म्हटलं तर पैसे खाल्ले असं होतं, आणि इथे पैसे कुणी खाल्लेले असतीलच असं नाही.

रत्नागिरीहून

ताई, आपल्या बोलण्यात आहे की! हिशेब *जुळला* आणि हिशेब *जुळवला*. एका ‘व’चा फरक. मी पतसंस्थेत सचिव होतो. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांची बेरीज, पहिल्या फटक्यात जुळली की आम्ही चहा मागवायचो. आणि कुणी ‘जुळवून टाका’ म्हणालं की समजायचं, काहीतरी आहे.

माझं उत्तर

काका, हा शब्द तुम्ही दिलात आणि माझं काम झालं. सरांच्या संशोधनाचा मोठा भाग एका वाक्यात बसला: नफा जुळला की जुळवला, हे बाहेर बसून कसं ओळखायचं.

त्याची रीतही सांगते. लेखाशास्त्राच्या अभ्यासक जेनिफर जोन्स यांनी १९९१ मध्ये अमेरिकेतल्या अशा कंपन्या पाहिल्या ज्या परदेशी मालापासून संरक्षण मागत होत्या. नफा कमी दिसला तर संरक्षण मिळण्याची शक्यता जास्त. कंपनीची विक्री आणि यंत्रसामग्री पाहून येण्या-देण्यांच्या नोंदी साधारण किती असायला हव्यात याचा अंदाज बांधायचा, आणि प्रत्यक्षातला फरक पाहायचा. संरक्षणाच्या मागणीची सरकारी चौकशी झाली त्या वर्षात तो फरक नफा घटवणाऱ्या बाजूला झुकलेला निघाला. बर्फ किती नेला यावरून मासळी किती आली असेल याचा अंदाज हर्णैचा कुठलाही जुना माणूस बांधतो. मानपत्रात मी हेच लिहिणार आहे.

‘शिल्लक’ हा शब्दही घेणार आहे. ७ जानेवारी २००९ ला सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केलं की पुस्तकातल्या रोख आणि बँकेतल्या ५,३६१ कोटींपैकी ५,०४० कोटी नाहीतच. आपल्याकडे शिल्लक म्हणजे मोजून दाखवता येते ती. त्या दिवशी सरांनी तास घेतला नाही, आम्हाला त्या कंपनीचे जुने वार्षिक अहवाल वाचायला बसवलं.

डोंबिवलीहून

‘इंडिपेंडंट डायरेक्टर’ला काय घेताय? ‘स्वतंत्र संचालक’ रुळलाय, पण मला ‘तिऱ्हाईत’ आवडतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीत किमान एक-तृतीयांश संचालक असे लागतात, आणि कंपनीशी किंवा तिच्या प्रवर्तकांशी, म्हणजे ती उभी करणाऱ्यांशी, पैशाचा संबंध नसणं ही त्यातली मुख्य अट.

माझं उत्तर

अर्थ अचूक आहे, पण तिऱ्हाईताला कशाचंच पडलेलं नसतं. या माणसाने तर लहान भागधारकांची बाजू धरून बोलायचंय. मी ‘त्रयस्थ’ घेते, आणि पुढे एक प्रसंग जोडते.

शिमगा उरकला की सरांच्या गावी सभामंडपात जमाखर्च वाचतात. मी एकदा तिथे बसले होते. मंडप इतका, ढोलाचं कातडं इतकं, नारळ इतके. मागच्या खांबाला टेकलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, ‘नारळ फुटले किती नि उरले किती?’ वाचणारा थांबला, वहीचं पान उलटं फिरवून शोधलं, आकडा सांगितला, मग पुढे गेला. सर माझ्या कानात म्हणाले, ‘ऑडिट या शब्दाचा मूळ अर्थ ऐकणं. हिशेब मोठ्याने वाचायचे नि ऐकणारा तपासायचा. या आजोबांसारखा एक माणूस संचालक मंडळात असला तर बरंच काही टळतं.’

एकच शब्द अडलाय: ‘डिस्क्लोजर’, म्हणजे कंपनीने आपली माहिती लोकांपुढे मांडणं. ‘प्रकटीकरण’ नको. ‘जाहीर करणे’ म्हणावं का?

हर्णैहून

ताई, जाहीर तर सगळेच करतात. लिलावाला मासळी आम्ही वाळूवर ओतून मांडतो. टोपलीत वर पापलेट नि खाली बारीक, असं चालत नाही. त्याला आम्ही ‘उघडा माल’ म्हणतो. ‘उघडा हिशेब’ लिहा. सरांच्या आईला मी ओळखतो, तिने जन्मभर तसाच विकला.