बंगल्याच्या कोपऱ्यात अडुळसा लावावा की तामण?

मातीकाम
जागा अशी धरा: बंगल्यापुढचा १० बाय १२ फुटांचा मोकळा कोपरा, काळी माती, उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदाच पाणी. अशा जागेसाठी कुणीही विचारलं की पहिलं उत्तर येतं 'तामण लावा, आपलं राज्यफूल आहे'. मला ते पटत नाही. इथे अडुळसाच लावावा. घरात कुणाला ना कुणाला वर्षभर खोकला असतो, त्यावर पानं हाताशी राहतात.

खर्च काहीच नाही. पाऊस नीट लागला की जुन्या झुडपाची पेन्सिलीएवढी जाड, तपकिरी झालेली फांदी घ्यायची. कोवळी हिरवी घेतली तर सडते. तुकडा १५ ते २० सेंमीचा, त्यावर तीन-चार पेरं. खालचा काप पेराच्या लगेच खाली आणि तिरका, वरचा सरळ, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. दोन पेरं मातीत, बाकीची वर, राहिलेली पानं अर्धी कापायची. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. दोन झुडपांत तीन फूट ठेवले तर बारा फुटांच्या बाजूला चार झुडपांचं दाट कुंपण होतं. शेळ्या-गुरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणूनच शेताच्या बांधावर तो पूर्वीपासून आहे.

मरतो तो एकाच कारणाने, पाणी साचून. काळ्या मातीत सपाट लावला की ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडतात, लोकांना वाटतं पाणी कमी पडतंय, ते आणखी घालतात आणि मूळ कुजतं. आठ-नऊ इंच उंच वरंबा करून त्यावर लावा, पुढे बघायला लागत नाही.

तामणप्रेमी
मातीकाम, अडुळशाची माहिती अचूक दिलीत, पण निष्कर्ष चुकला. खोकल्याला लागणारी पानं एका मोठ्या कुंडीतल्या झुडपावरही मिळतात. जमिनीचा कोपरा हाताशी असेल तर जे कुंडीत होत नाही तेच तिथे लावावं.

पश्चिमेची भिंत मे महिन्यात रात्री दहापर्यंत गरम असते. तामण थंडीच्या शेवटी पानं गाळतो, गळण्याआधी ती तांबडी होतात, आणि ऊन तापायच्या आत नवी पालवी येते. म्हणजे जानेवारीत कोवळं ऊन घरात येतं आणि मेमध्ये भिंतीवर सावली असते. फुलंही नेमकी एप्रिल-मेमध्ये, महाराष्ट्र दिनाच्या आसपास. फांदीच्या टोकाला वीतभर उभा तुरा, तो खालून वर उमलत जातो. फूल जवळून बघा: बहुधा सहा पाकळ्या, प्रत्येक पाकळीला बारीक देठ आणि कडेला चुण्या, इस्त्री न केलेल्या मलमलीसारख्या, मधे पिवळ्या पुंकेसरांचा झुबका.

खड्डा २ बाय २ बाय २ फूट, एप्रिलमध्ये खणून उन्हात तापू द्यायचा. भरताना निघालेली माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि पावशेर निंबोळी पेंड. ताजं शेण घातलं तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. पहिले दोन उन्हाळे दर तिसऱ्या दिवशी १५ ते २० लिटर पाणी आणि बुंध्याभोवती पाचोळ्याचं चार बोटं जाड आच्छादन, पण खोडाला टेकलेलं नको. तामण मूळचा ओढ्या-नद्यांच्या काठचा, ओलावा धरणारी काळी माती त्याला अडुळशापेक्षा जास्त मानवते.

कोयता
दोघांनीही भिंतीपासूनचं अंतर सांगितलं नाही, आणि खरी भांडणं तिथूनच सुरू होतात. मोठ्या तामणाचा घेर १५ ते २० फूट होतो. भिंतीपासून आणि ड्रेनेजच्या पाइपपासून १० फूट सोडायचे म्हटलं तर १० बाय १२ च्या कोपऱ्यात ते अंतर भरतच नाही. खोड मधोमध लावलं तरी निम्म्या फांद्या शेजाऱ्याकडे. ओलाव्याकडे धावणारं मूळ चेंबरच्या फटीत शिरलं की दर पावसाळ्यात पाइप तुंबतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांना १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. म्हणजे तामण लावणं हा वीस-तीस वर्षांचा निर्णय आहे. अडुळसा नको झाला तर एका सकाळी खणून काढता येतो. मी अडुळशाच्या बाजूने.

तामणप्रेमी
कोयता, पाइप जुन्या सिमेंटच्या जोडांचा असेल तर तुमचं म्हणणं मान्य. तिथे कुठलंच मोठं झाड नको. पण तामण पहिल्यापासून वळवता येतो. बुंध्यातून फुटवे फार येतात, ते काढले नाहीत तर झाड न होता पसरट झुडूप होतं आणि तेच शेजारी घुसतं. एक सरळ शेंडा ठेवायचा, सहा फुटांपर्यंतच्या आडव्या फांद्या दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने काढायच्या.

छाटणीची वेळ मात्र चुकू नये. फूल नव्या फुटीच्या टोकाला येतं. पानगळ झाल्यावर आणि पालवी फुटायच्या आत, म्हणजे जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, एवढाच काळ हातात असतो. मार्च-एप्रिलमध्ये शेंडे मारले की त्या वर्षीचा बहर गेला. 'आमचा तामण फुलतच नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं, नाहीतर दिवसभराचं ऊन मिळत नसतं.

वनौषधी
मातीकाम, तुम्ही पाणी आणि माती सांगितलीत, पण अडुळसा पोटात जाणार आहे हे त्याहून महत्त्वाचं. गरोदर बाईला अडुळशाचा रस किंवा काढा अजिबात देऊ नये. त्यातलं व्हॅसिसिन हे द्रव्य गर्भाशयाचं आकुंचन वाढवतं. याच व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. पान खरोखर काम करतं, म्हणूनच ते जपून वापरायला हवं.

आणि 'वर्षभर खोकला' ही बाग करण्याची सबब होऊ शकत नाही. दोन आठवड्यांच्या वर टिकलेला खोकला, संध्याकाळचा ताप, उतरत चाललेलं वजन, थुंकीत रक्त, यांपैकी काहीही असेल तर आधी क्षयाची तपासणी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. काढ्याने खोकला दबतो आणि तपासणी लांबते, हे फार धोक्याचं आहे. लहान मुलांना मात्रा वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारूनच द्या.

मातीकाम
वनौषधी, हे पहिल्याच लेखनात यायला हवं होतं, चूक मान्य. शब्द बदलतो: साध्या सर्दी-खोकल्यापुरता. वापराचा एक मुद्दा जोडतो. अडुळशाचं ताजं पान नुसतं कुटून रस निघत नाही, चोथा तेवढा हाताला लागतो. आयुर्वेदात त्यासाठी पुटपाक सांगितला आहे: कुटलेल्या पानांचा गोळा दुसऱ्या पानांत गुंडाळायचा, वरून मातीचा लेप देऊन निखाऱ्यात भाजायचा. घरी मोदकपात्रात पानं आठ-दहा मिनिटं वाफवली, गार करून फडक्यात पिळली तरी रस सुटतो. पान पूर्ण वाढलेलं, गडद हिरवं घ्या. भाजीवर मावा ही कीड मारायला औषध फवारलं असेल तर शेजारच्या अडुळशाची पानं खुडू नका.

रोपवाटिका
वाद चालू द्या, पण रोप घेताना फसू नका. दोन्हीकडे एकाच नावाखाली वेगळं रोप मिळतं. लांब, अरुंद, गडद पानांचा आणि जांभळट देठांचा तो काळा अडुळसा, निराळी वनस्पती. खोकल्याच्या अडुळशाचं पान वीतभर लांब, रुंद, समोरासमोर, पेरं फुगीर, आणि थंडीत कणसासारख्या तुऱ्यावर ओठाच्या आकाराची पांढरी फुलं.

तामणाचंही तसंच. उमलताना जांभळी आणि दोन-तीन दिवसांत पांढुरकी पडणारी फुलं दिसली तर ती बाहेरून आलेली दुसरी जात. रस्त्याकडेला ती बरीच लावली गेली आहे. आपल्या तामणाचं फूल मोठं, दोन-अडीच इंचांचं, आणि पान वीतभर. बियांपासून केलेल्या रोपाला फूल यायला कितीतरी वर्षं थांबावं लागतं, म्हणून गुटीचं, म्हणजे झाडावरच्या फांदीला मुळं फोडून केलेलं, रोप आहे का ते विचारा.

बागेतली बाक
दोन्ही का नकोत? तामण मधे, त्याच्या सावलीत अडुळसा. अडुळशाला थोडी सावली चालते.

कोयता
चालते, पण एकाखाली एक नको. तामणाच्या कोवळ्या फुटीवर मावा आला की चिकट गोड पाणी खाली गळतं, त्यावर काळी बुरशी धरते. त्याच पानांचा रस काढणार का? शिवाय तामणाला पहिले दोन उन्हाळे भरपूर पाणी, अडुळशाला वरंब्यावर कोरडेपणा. एकाच पाइपने दोघांना पाणी गेलं की अडुळसा आधी मरतो.

तामणप्रेमी
या बाबतीत कोयत्यांशी सहमत. कोपऱ्याच्या बाहेर, फाटकाशी दीड फुटाची पट्टी असते तिथे अडुळसा घ्या. आणि खड्डा खणायच्या आधी ड्रेनेजची चेंबरं कुठे आहेत ते बघा. दोन चेंबरच्या झाकणांमधून सरळ दोरी ताणली की पाइपची रेघ कळते. त्या रेघेपासून दहा फूट मिळत नसतील तर मीही तामण लावा म्हणणार नाही.