इको नॉर्मल, तरीही

‘ईएफ ६० आलं, म्हणजे हार्ट फेल्युअर नाही’ असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. ईएफ म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, म्हणजे इकोत, दिसणारा आकडा: दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, त्याचं काम कमी पडणं. पण हृदय ताठर झालं की ते रक्ताने नीट भरत नाही; ईएफ ५० च्या वर असूनही दम लागतो. आमच्या आईचं हेच झालं. आडवं झालं की दम लागायचा म्हणून एका उशीच्या तीन झाल्या, पाय सुजून चपलेचा पट्टा रुतायला लागला, आणि सगळे म्हणत होते वय झालं. शेवटी हृदयावरचा ताण दाखवणाऱ्या एनटी-प्रोबीएनपी या रक्ततपासणीत कळलं. (स्थूल माणसांत तो आकडा फसवा, कमी येतो.)

आता लघवीची गोळी आणि डापाग्लिफ्लोझिन चालू आहे. डापाग्लिफ्लोझिन हार्ट फेल्युअरलाही देतात, पण मूळचं मधुमेहाचं औषध, त्यामुळे ‘साखर नाही ना?’ म्हणून केमिस्टने दोनदा विचारलं. पण खरी कामाला आली ती वजनाची वही: रोज सकाळी, चहाच्या आधी. ३ दिवसांत २ किलो वाढलं, म्हणजे अंगात पाणी साठतंय, की डॉक्टरांना फोन. खारट लोणचं मात्र आई अजून लपवून खाते.