विषय : खाडीत होडीतून बदकांची शिकार – कायदा काय म्हणतो?

(पहिले पत्र – एसेक्सहून)

वकीलकाका आणि मंडळातील सर्वांना सप्रेम नमस्कार.

माझ्या कचेरीतील एक ज्येष्ठ सहकारी इकडे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील एका शिकारी क्लबाचे जुने सभासद आहेत. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी पहाटे त्यांच्यासोबत खाडीत होडीतून बदके मारायला यावे, असा त्यांचा आग्रह आहे. बंदूक तेच देणार आहेत. मी शिवाजी पेठेतला, रंकाळ्याच्या काठावर वाढलेला; थंडीत तळ्यावर उतरलेली बदके मोजणे हा आम्हा मुलांचा सकाळचा खेळ असे. त्यामुळे मन आधीच कचरते आहे, पण माझा प्रश्न कायद्याचा आहे. कुणाच्या शेतात शिरून बंदूक चालवली तर मालक हरकत घेईल. समुद्राचे पाणी मात्र कुणाच्याच मालकीचे नसते, तेव्हा होडीतून केलेली शिकार अधिक निर्धोक असावी, असा माझा समज आहे. तो बरोबर आहे का? त्यांना नाही म्हणायचे झाले तर योग्य कारण सांगून म्हणावे, अशी इच्छा आहे.

आपला,
एसेक्समधील एक सभासद

(दुसरे पत्र – कोल्हापूरहून)

स. न. वि. वि.

तुमचे पत्र वाचले आणि जुनी टिपणे काढून बसलो. इंग्लंडात पंचवीस वर्षे वकिली करून मी मंगळवार पेठेतल्या घरी परत आलो, तरी या विषयावरचे कागद काही टाकवले नाहीत.

तुमचा समज बरोबर नाही, आणि तो नेमका कुठे चुकतो हे पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे पाणंदीतून बैलगाडी नेण्याचा हक्क साऱ्या गावाला असतो. म्हणून जाता जाता बाजूच्या फडातला ऊस मोडून घेण्याचा हक्क कुणाला मिळत नाही. इंग्लंडातील भरतीच्या पाण्याचेही तसेच आहे. त्या पाण्यातून होडी हाकण्याचा आणि त्यात मासे धरण्याचा हक्क लोकांना फार पूर्वीपासून आहे, परंतु त्या हक्काच्या पोटात पाणपक्षी मारण्याचा हक्क येत नाही, असे सेव्हर्न नदीच्या भरतीच्या पट्ट्यासंबंधीच्या लॉर्ड फिट्झहार्डिंग विरुद्ध पर्सेल या खटल्यात १९०८ साली न्यायालयाने स्पष्ट केले. होडी तरंगते ते पाणी सर्वांचे असले, तरी त्या पाण्याखालच्या चिखलाला मालक असतो. इंग्लंडाच्या किनाऱ्यावरील भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यापैकी सुमारे निम्मा भाग राजसत्तेच्या मिळकती सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेट या संस्थेकडे आहे, उरलेला खाजगी जमीनदार आणि इतर संस्थांकडे आहे, आणि शिकारी क्लब त्यांच्याकडूनच शिकारीचा हक्क भाडेपट्ट्याने घेतात. तेव्हा पहिला प्रश्न होडीचा नाहीच. तुमच्या सहकाऱ्यांच्या क्लबाकडे नेमक्या त्या खाडीचा भाडेपट्टा आहे का, आणि असल्यास पाहुण्याला सोबत नेण्याची मुभा त्यात आहे का, हे आधी विचारा. परवानगीवाचून बंदूक घेऊन दुसऱ्याच्या जागेत शिरणे हा १९६८ च्या फायरआर्म्स कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्या कलमात जमीन म्हणजे पाण्याखालची जमीनसुद्धा, असे शब्द घालून ठेवलेले आहेत. होडीत बसल्याने तो गुन्हा टळत नाही.

स्कॉटलंडची गोष्ट निराळी आहे. तिथे भरती-ओहोटीच्या पट्ट्यात पाणपक्षी मारण्याचा सार्वजनिक हक्क मानला जातो, परंतु रविवारी आणि नाताळच्या दिवशी बंदी असते. एका देशात ऐकलेला नियम दुसरीकडे लावून लोक फसतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता तारखेकडे येतो, कारण तुम्ही कळवलेला शनिवार अगदी नाजूक जागी पडतो. १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड कायद्याप्रमाणे इंग्लंडात रानबदके आणि काही जातींचे हंस (इंग्रजीत ज्यांना गीज म्हणतात ते) यांच्या शिकारीचा हंगाम १ सप्टेंबरला उघडतो आणि ३१ जानेवारीला संपतो. मात्र नेहमीच्या उधाणाच्या भरतीचे पाणी जिथवर चढते, त्या रेषेच्या समुद्राकडच्या बाजूला तो २० फेब्रुवारीपर्यंत चालतो. म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी बांधाच्या आतल्या कुरणावर बसलेले बदक मारणे गुन्हा ठरेल आणि तेच बदक उडून शंभर पावलांवरच्या खाजणात उतरले तर ठरणार नाही. मालवणचा किंवा देवगडचा कोळी उधाण कुठवर येते हे दगडावरच्या शेवाळावरून सांगेल. एसेक्सच्या सपाट दलदलीत, पहाटेच्या धुक्यात, ती रेषा ओळखायला तो भाग हातावरच्या रेषांसारखा ठाऊक असावा लागतो. तुमच्या सहकाऱ्यांना तो तसा ठाऊक असेलही. पण बंदूक तुमच्या हातात असेल तर जबाबदारीही तुमचीच राहील.

यानंतर पक्षी. मॅलार्ड, टील, विजन, पिनटेल आणि आपला थापट्या ही बदके हंगामात मारता येतात. शेलडक मारता येत नाही. ब्रेंट आणि बार्नेकल हे हंसही नाही. एसेक्सच्या खाड्यांवर हिवाळ्यात हजारोंनी दिसणारे काळसर हंस ब्रेंटच असतात, आणि पहाटेच्या अंधूक उजेडात डोक्यावरून जाणारा थवा नुसत्या आवाजावरून ओळखणे नवख्या माणसाला जमणारे नव्हे. हे मी पुस्तकातून सांगत नाही. कळंब्याच्या तलावावर मी अजूनही पहाटे जातो, आणि थापट्याची चोच फावड्यासारखी रुंद असते हे पन्नास वर्षे पाहूनही, सूर्य वर येईपर्यंत मला तो इतर बदकांतून खात्रीने वेगळा काढता येत नाही.

होडीबद्दल कायदा थोडकेच बोलतो. वल्ह्याच्या किंवा हाताने ढकलायच्या होडीतून शिकार करण्यास बंदी नाही. इंजिनाच्या होडीने पक्ष्यांचा पाठलाग करून त्यांना मारण्यास मात्र बंदी आहे. इंजिन लावून खाडीच्या तोंडाशी पोहोचणे आणि त्याच इंजिनावर थव्याच्या मागे लागणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जुन्या पद्धतीची पंट नावाची होडी अरुंद, उथळ आणि करड्या रंगाची असते. शिकारी तिच्यात पालथा झोपून, हात बाहेर काढून, लहान वल्ह्याने आवाज न करता पुढे सरकतो, आणि पुढच्या टोकाला बांधलेल्या लांब बंदुकीचा एकच बार थव्यावर टाकतो. ही पद्धत आजही बेकायदा नाही, परंतु नळीच्या तोंडाचा आतला व्यास पावणेदोन इंचांहून अधिक असता कामा नये. कृत्रिम उजेड आणि बांधून ठेवलेले जिवंत आमिषपक्षी वापरण्यासही मनाई आहे. भरतीच्या रेषेखाली शिशाचे छर्रे इंग्लंडात १९९९ पासून बंद आहेत, कारण चिखलात पडलेले छर्रे बदके खडे समजून गिळतात आणि शिशाच्या विषाने कुढत मरतात. याखेरीज कडाक्याची थंडी दोन आठवडे टिकली तर सरकार हंगामाच्या मध्यातही शिकार थांबवू शकते. उपाशी, थकलेल्या पक्ष्याला मारू नये, हे त्यामागचे कारण आहे.

बंदूक तेच देणार, असे तुम्ही लिहिले आहे. ते मला सर्वांत काळजीचे वाटते. शॉटगनचे, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीचे, प्रमाणपत्र तुमच्या नावावर नसेल, तर उसन्या बंदुकीची जी सवलत आहे ती खाजगी जागेपुरती आणि अटींसह आहे. उघड्या खाडीवर तिचा भरवसा धरू नका.

आपला,
वकीलकाका, मंगळवार पेठ, कोल्हापूर

(तिसरे पत्र – मेरिलँडहून)

वकीलकाकांना सादर नमस्कार.

आमच्याकडे अमेरिकेत चेसापीकच्या उपसागरात एकेकाळी बाजारासाठी बदके मारणारे लोक याच मोठ्या बंदुका होड्यांना बांधून एका बारात डझनांनी पक्षी पाडत असत. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याखालील आजचे नियम म्हणूनच अधिक कडक आहेत. इथे पंटच्या बंदुकीला साफ मनाई आहे. दहा गेजपेक्षा (गेज हे नळीच्या व्यासाचे माप) मोठी शॉटगन चालत नाही आणि तीत तीनपेक्षा अधिक काडतुसे मावता कामा नयेत. इंजिनाच्या होडीतून गोळी झाडायची तर इंजिन पूर्ण बंद असावे लागते आणि होडीचा वेगही पूर्ण थांबलेला असावा लागतो. शिडाच्या होडीचे शीड गुंडाळलेले असावे लागते. काठापर्यंत पाण्यात बुडवून आत लपायचा सिंकबॉक्स हा प्रकारही बंद आहे. पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद झाले. परवान्याखेरीज सोळा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक शिकाऱ्याला केंद्र सरकारचे बदकाचे तिकीट घ्यावे लागते. ती पद्धत १९३४ पासून आहे आणि त्याचे पैसे पाणथळ जागा राखण्यासाठी जातात.

आता माझा प्रश्न. माझे माहेर राजारामपुरीतले आणि सासर मालवणकडचे. सासरकडचा एक तरुण भाचा मित्रांसोबत मासेमारीच्या होडीतून खाडीत जातो आणि हवेच्या बंदुकीने पक्षी मारतो, असे परवा फोनवर कळले. बंदुकीला परवाना लागत नाही, पाणी समुद्राचे आहे आणि आसपास अभयारण्य नाही, म्हणून यात काही गैर नाही, असे घरचे म्हणतात. त्यांना काय सांगावे?

आपली,
मेरिलँडमधील एक सभासद

(चौथे पत्र – कोल्हापूरहून)

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाने मला माझ्या आजोबांपर्यंत नेले. त्यांच्याकडे परवान्याची दुनळी बंदूक होती. पंचगंगेकाठच्या आमच्या गावी गुऱ्हाळ होते, आणि नदी ओलांडायची तर गूळ आटवायची मोठी लोखंडी काहील पाण्यात लोटून तिच्यातून माणसे जात, हे आपल्या भागात कुणाला नवे नाही. आजोबा थंडीत त्याच काहिलीत बसून, काठीने तळ चाचपत, डोहावरच्या बदकांजवळ जात. मी सहा-सात वर्षांचा असताना एकदा त्यांनी मला सोबत घेतले होते. बार झाल्यावर काहील गोल गोल फिरली, कडेला घट्ट धरलेले माझे हात जुन्या मळीने चिकट झाले, आणि एक हळदी-कुंकू बदक पंख मोडून पाण्यावर वर्तुळे काढत राहिले. त्या रात्री ताटात रश्श्याच्या तळाशी शिशाचा छर्रा दाताखाली आला, तो मी बरेच दिवस काड्यापेटीत जपून ठेवला होता. आजोबांवर माझे फार प्रेम होते, आणि त्या काळी त्यांनी कायदा मोडला नव्हता. पण ते गोल फिरणारे बदक माझ्या डोळ्यांसमोरून गेले नाही.

तो काळ कायद्याने संपवला, तोही एका फटक्यात नव्हे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा परवाना घेऊन काही प्राण्यांची आणि पक्ष्यांची शिकार करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची ती वाटच बंद केली. संस्थानी काळात शिकारीसाठी राखलेले आपले दाजीपूरचे जंगल तर त्याच्याही आधी, १९५८ मध्ये, अभयारण्य झाले होते. आज परिस्थिती अशी आहे की अनुसूचीतील कोणत्याही पक्ष्याची शिकार कलम ९ प्रमाणे गुन्हा आहे, मग ती अभयारण्यात असो, उसाच्या फडात असो किंवा मालवणच्या खाडीत असो. अभयारण्य जवळपास नाही, या म्हणण्याला म्हणूनच काही अर्थ नाही. पाणी समुद्राचे आहे, हे म्हणणेही टिकत नाही, कारण या कायद्यातील ‘जमीन’ या शब्दाच्या व्याख्येत खाड्या, नद्या, तलाव आणि दलदली स्पष्टपणे आल्या आहेत.

राहिली बंदूक. कमी ताकदीच्या हवेच्या बंदुकीला शस्त्र परवाना लागत नाही, हे खरे आहे. परंतु वन्यजीव कायदा हत्यार कोणते हे विचारतच नाही. फासा, विष, गलोल किंवा छर्रा, सगळे त्याला सारखेच. शिकारीच्या व्याख्येत मारण्याचा प्रयत्नही येतो, त्यामुळे नेम चुकला तरी गुन्हा घडलेला असतो. पक्ष्याची अंडी किंवा घरटे बिघडवणेही त्याच व्याख्येत आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पक्षी पहिल्या अनुसूचीतला निघाला तर कैद किमान तीन वर्षे आणि कमाल सात वर्षे, वर किमान पंचवीस हजार दंड. भाच्याला हवेत जाणारा पक्षी कोणत्या अनुसूचीत आहे हे ठाऊक असण्याची शक्यता नाही, आणि ठाऊक नव्हते असे सांगून सुटका होत नाही.

घरच्यांना सर्वांत आधी एक गोष्ट सांगा, कारण ती त्यांना लगेच समजेल. कलम ३९ प्रमाणे असा गुन्हा करताना वापरलेले आणि जप्त झालेले हत्यार, वाहन आणि होडी सरकारची मालमत्ता ठरते. ज्या होडीवर घरातील चार माणसांचे पोट चालते, ती पोरांच्या एका सकाळच्या खेळापायी वनखात्याच्या आवारात उभी राहू शकते. होडी कुणाच्या नावावर आहे ते विचारून घ्या आणि त्या मालकाशी थेट बोला. भाच्याशी बोलण्याआधी त्यांच्याशी बोला.

आपला,
वकीलकाका

(पाचवे पत्र – एसेक्सहून)

वकीलकाका, सादर नमस्कार.

आपले पत्र मी सहकाऱ्यांना इंग्रजीत समजावून सांगितले. त्यांनी दुसऱ्या दिवशी क्लबाच्या भाडेपट्ट्याचा नकाशा आणून टेबलावर पसरला. खाडीच्या एका काठाची लाल रेषा पुलापाशी थांबते आणि त्यापुढचा चिखल दुसऱ्याच मालकाचा आहे. पाहुण्याच्या नावाने आधी लेखी परवानगी घ्यावी लागते, हेही त्यांनी मान्य केले. ते घाईत त्यांच्या लक्षात राहिले नव्हते. मी बंदूक धरणार नाही, असे त्यांना मोकळेपणाने सांगितले आणि त्यांनी ते मनाला लावून घेतले नाही. शनिवारी पहाटे मी बांधावर दुर्बीण घेऊन उभा राहीन आणि ब्रेंट हंस मोजीन. आकडा मंडळाला कळवतो.

आपला,
एसेक्समधील सभासद