‘चालतंय ते चालू द्या’ म्हणणाऱ्यांना: आरसीसीबी पडतो म्हणून काढून टाकला?

पेठेतला_वायरमन
काल इथेच एकाने आरसीसीबीबद्दल (करंट कुठे गळला की वीज तोडणारा स्विच) सल्ला दिला: ‘जुन्या वायरिंगला हात लावू नका, भिंती फोडू नका. आमच्याकडे आरसीसीबी बसवला तर तो सारखा पडायचा. काढून टाकला, आता निवांत.’ खाली बऱ्याच जणांनी ‘अगदी खरं’ म्हणून माना डोलावल्यात. रात्रभर डोक्यात राहिलं, म्हणून लिहितोय.

अहो, तो पडत होता म्हणजे काम करत होता! फेजने जेवढा करंट आत गेला तेवढा न्यूट्रलने परत आला नाही, ३० मिलिअँपिअरच्या आतबाहेर फरक दिसला की तो तोडतो. बाकीचा करंट गेला कुठे? गीझरच्या बॉडीत, ओल्या भिंतीत, नाहीतर माणसात. एमसीबीला, म्हणजे जास्त लोड आला की पडणाऱ्या स्विचला, यातलं काही कळत नाही. माणूस मरायला लागतो तेवढा करंट १६ अँपिअरच्या एमसीबीच्या खिजगणतीतही नसतो. जुन्या घरात आरसीसीबी पडायची कारणं ठरलेली आहेत. गीझरचं एलिमेंट गेलेलं, पावसात बाहेरच्या दिव्यात पाणी, किंवा दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले. इन्व्हर्टरवाला येऊन गेला असेल तर आधी हे शेवटचं बघा. एकेक सर्किट सुटं करून मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला की सापडतं. तेवढे कष्ट नकोत म्हणून आरसीसीबीच काढणाऱ्याला कृपा करून वायरमन म्हणू नका.

परवा एका वाड्यात बोर्ड उघडला. फ्रिजच्या सॉकेटमध्ये वरच्या जाड (अर्थच्या) पिनेपासून न्यूट्रलपर्यंत वायरचा दोन इंची तुकडा. ‘अर्थिंग करून दिलंय’ म्हणे! मागे न्यूट्रल तुटू दे, घरात एक दिवा चालू असला तरी त्याच्यातून फिरून फ्रिजच्या दाराला फेज.

नानाकाका_गिरगाव
दुकानदारी चालू झाली. आमच्या चाळीत लाकडी पट्टीतलं वायरिंग आहे, पोर्सलीनचे किटकॅट फ्यूज, काळे बेकेलाइटचे बटण. फ्यूज उडाला की वडील मेणबत्तीच्या उजेडात तार बांधायचे. चार भावंडं वाढलो, कोणाला काही झालं नाही. तुमचे ते पांढरे प्लास्टिकचे स्विच वर्षात ढिले होतात.

अदिती_ठाणे
काका, त्या किटकॅटची जोडी असते, एक फेजवर आणि एक न्यूट्रलवर. न्यूट्रलवरचा उडाला की दिवा जातो, फेज होल्डरात तसाच. माझ्या मामाने ‘लाइट गेलीय’ समजून बल्ब काढायला हात घातला आणि स्टुलावरून खाली आला. खांदा निखळला, अजून हात वर जात नाही. आणि वडील तार बांधायचे तेव्हा घरात दोन बल्ब, एक पंखा आणि रेडिओ होता. आज?

नानाकाका_गिरगाव
मेन बंद न करता होल्डरला हात घालणारा मामा तुमचा. वायरिंगचा काय दोष?

अदिती_ठाणे
वयाचा मान ठेवून गप्प बसते.

निवृत्त_अभियंता
वायरमनसाहेब, बाजू बरोबर आहे, पण आरसीसीबीला देव करू नका. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरलात तर तो तुम्हाला बल्ब समजतो, पडत नाही. ओव्हरलोड त्याला कळत नाही. त्यावरचं ‘टी’ बटण तर कोणी जन्मात दाबत नाही. सत्तरच्या दशकातल्या कितीतरी इमारतींत अॅल्युमिनियमच्या वायरी आहेत. स्क्रूखाली ती तार दबत जाते, वर ऑक्साइड चढतो, जोड सैल होऊन तापतो. तो तापलेला जोड ना एमसीबीला दिसतो ना आरसीसीबीला. बोर्ड पिवळा पडलाय, जळका वास येतोय, याकडे लक्ष द्या म्हणावं.

खोली_१४
सगळं पटलं. पैसे कोण देणार? आमची पागडीची खोली, म्हणजे एकदाच मोठी रक्कम देऊन कायम कमी भाड्याने घेतलेली. जिन्याखालून वर येणारी केबल आजोबांच्या काळातली. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४ म्हणतं दुरुस्ती मालकाने करायची. नोटीस देऊनही केली नाही तर भाडेकरूने करावी आणि भाड्यातून वळती करावी, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. भाडं महिना १३८ रुपये. म्हणजे वर्षाला ४१४ रुपयांची केबल.

घरमालक_नाइलाजाने
वाटच बघत होतो. १३८ रुपयांत मी घरपट्टी भरू, जिना टेकू लावून उभा ठेवू, की तुमची केबल बदलू? तुमच्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन एसी आहेत हेही लिहा की. ती केबल पंख्या-दिव्यांसाठी टाकलेली होती. पागडीने खोली विकताना लाखांत घेता, तेव्हा कलम १४ कुठे असतं?

खोली_१४
त्यातला हिस्सा तुम्हीही घेता. रोखीत.

सचिव_कोथरूड
मालकीच्या फ्लॅटांतही काही वेगळं नाही हो. २०१९ मध्ये पुनर्विकासाला ७५ ऐवजी ५१ टक्के संमती पुरेशी झाली, तेव्हापासून आमच्याकडे ‘बिल्डर येतोच आहे’ हे एकच उत्तर. रंग नको, पॅनेल नको. मीटर रूममध्ये गणपतीच्या मखराचं थर्माकोल, मोडक्या सायकली आणि कोणाचा तरी पाळणा. हलवा म्हटलं तर ‘तुमची सायकल आहे का?’ बिल्डर तीन झाले, पाळणा तिथेच.

घरमालक_नाइलाजाने
आमचे भाडेकरू पुनर्विकासात ४०५ चौरस फुटांच्या घरावर अडून बसलेत. सही करा, नवं वायरिंग फुकट मिळेल.

खोली_१४
आधी ट्रान्झिट भाड्याचं (बांधकाम होईपर्यंत दुसरीकडे राहायच्या भाड्याचं) लेखी द्या. धमकी देऊन सही मिळत नसते.

पेठेतला_वायरमन
मी वायरिंगबद्दल लिहिलं होतं. तुमचा बिल्डर येईपर्यंत गीझर बंद ठेवणार आहात का?
भिंत फोडायची गरज नाही. गीझर आणि एसीला मेन बोर्डापासून स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, पीव्हीसी पट्टीतून भिंतीवरूनच. पण मंजूर लोड आणि खालची केबल झेपेल का ते आधी. आणि अर्थिंग तपासा. पूर्वी सर्रास नळाच्या जीआय (लोखंडी) पाइपला क्लँप मारून अर्थिंग घ्यायचे. मधे प्लंबरने सीपीव्हीसी (प्लास्टिकचं) टाकलं आणि अर्थिंग तिथेच संपलं. हिरवी वायर दिसते, सॉकेट तीन पिनचं दिसतं, मागे काहीच नाही. अशा घरात आरसीसीबी हा शेवटचा आधार उरतो, कारण त्याला पडायला अर्थिंगची वायर लागत नाही.

नानाकाका_गिरगाव
आमच्याकडे मागच्या वर्षीच पाइप बदलले.

पेठेतला_वायरमन
मग काका, तुमचं अर्थिंग कशाला जोडलेलं होतं?

नानाकाका_गिरगाव
बघतो. मुलगा दिवाळीत यायचाय, तो तुमचा आरसीसीबीचा डबा घेऊनच येतोय म्हणाला. बसवू दे, त्याचे पैसे. देवघराचा दिवा मात्र त्यावर घेणार नाही.

पेठेतला_वायरमन
देवघराचाही त्यावरच.

नानाकाका_गिरगाव
ते आमच्या घरात आम्ही ठरवू.

घरमालक_नाइलाजाने
बरं, केबलचं कोटेशन मागवतो. निम्मे माझे. उरलेले भाडेकरूंनी द्यायचे, आणि एसीवाल्यांनी जास्त.

खोली_१४
‘जास्त’ म्हणजे किती ते आधी लिहून द्या.