वाळवंटात दातांच्या डॉक्टरला काम काय?
एकांनी विचारलंय, रणगाड्यांच्या तळावर दातांचा डॉक्टर कशाला? माझी धाकटी बहीण आर्मी डेंटल कोअरमध्ये (हे दल १९४१ पासून आहे), सध्या जैसलमेरकडे. अहो, अक्कलदाढ ठणकायला लागली की जवान ना जेवतो ना झोपतो, ड्युटी कसली करणार?

तिचा खरा वैताग रेतीचा. हँडपीसमध्ये (दात कोरायचं हातात धरायचं यंत्र) बारीक धूळ शिरली की बेअरिंग घासतं. म्हणून दर पेशंटनंतर पुसायचं, तेल सोडायचं, मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं जंतू मारणाऱ्या यंत्रात टाकायचं. उन्हाळ्यात दातांचं माप घ्यायचं अल्जिनेट कालवता कालवताच घट्ट होतं, त्यात गार पाणीच घालावं लागतं.

उन्हाचं तिला कौतुक नाही, बीडच्या मे महिन्यात वाढलेली पोरगी! टँकरचं पाणी पुरवून वापरायची सवयही घरचीच. तंबाखू मळणारे मात्र तिथंही भेटतातच.