बंदोबस्तावरील अनोळखी पोलिसांची एक तुकडी कशी बनते?

प्रश्न: नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर मोर्चे अडवले जातात, तेव्हा शहर पोलीस, बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले शिपाई, राज्य राखीव पोलीस दल आणि गृहरक्षक असे एकमेकांना अनोळखी लोक एकत्र उभे असतात. त्यांचे जुळते कशामुळे?

निवृत्त हवालदार: हजेरीच्या वेळी मिळणाऱ्या स्पष्ट सूचनांमुळे. आपल्या डाव्या-उजव्या बाजूस कोण आहे, बॅरिकेड उघडण्याचा आदेश कोण देणार आणि वायरलेसवर आवाज नीट येत नसल्यास निरोप कोणाकडे द्यायचा, एवढे शिपायाला आधी ठाऊक असले, तर गर्दीचा रेटा आला तरी साखळी तुटत नाही. बाहेरगावच्या जवानाशेजारी स्थानिक शिपाई द्यावाच. सीताबर्डीच्या गल्ल्या नकाशावरून कळत नाहीत.

महिला शिपाई: हे खरे आहे, पण डिसेंबरच्या थंडीत सकाळपासून उभ्या असलेल्या आम्हा महिलांना वेळेवर बदली शिपाई आणि स्वच्छतागृह मिळाले नाही, तर सूचना कितीही चोख असल्या तरी लक्ष टिकत नाही. शेजारचा सहकारी न सांगता माझा पॉइंट सांभाळतो, तेव्हाच विश्वास बसतो.

एक वाचक: बंदोबस्त उठल्यावर कनिष्ठांचे म्हणणे अधिकारी ऐकून घेतात का?

निवृत्त हवालदार: जे ऐकतात, त्यांना पुढच्या मोर्चाची अडचण आदल्या दिवशीच कळते.